मिस्त्रीची साक्ष

"आणि मग मी हिच्या कानाखाली वाजवली," मिस्त्री म्हणाला आणि तळहातावर तळहात आपटला.

हॉल दचकला. नवीन बॅच होती ना. जुन्या लोकांना हा आवाज कुठे येतो ते पाठ होतं.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये प्रौढांचा बायबलचा वर्ग भरला होता. आजचा धडा क्षमेचा. पाळकांनी फळ्यावर तेवढा एकच शब्द लिहिला होता, मोठ्ठा. दर बॅचला हा धडा आला की मिस्त्री उभा राहायचा आणि साक्ष द्यायचा. म्हणजे आपण आधी काय होतो आणि प्रभूने आपलं काय केलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं. शेजारच्या वर्गातली माणसंही मागे येऊन उभी राहायची. दिवसभर गाड्यांची इंजिनं खोलणारा माणूस, पण बोलायला लागला की भल्याभल्यांच्या डोळ्यांत पाणी.

त्याची बायको पहिल्या रांगेत होती. नेहमीसारखी डावा कान त्याच्याकडे करून बसलेली. त्या कानाने तिला ऐकू येत नव्हतं. का येत नव्हतं, तेही साक्षीतच होतं.

"रात्रभर ही दाराबाहेर बसली. पोरगी मांडीवर. आणि मी आत घोरतोय!"

इथे मिस्त्री थांबायचा. घोटभर पाणी प्यायचा. तहान नसली तरी.

"पण हिने मला माफ केलं. एका शब्दाने कधी उकरून काढलं नाही. देवमाणूस आहे माझी बायको, सांगतो तुम्हाला!"

"हालेलुया!" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

खोटं कशाला बोला, माणूस खरंच सुधारला होता. दारूच्या दुकानावरून जायला नको म्हणून लांबचा रस्ता धरायचा. स्वतःचा डबा स्वतः घासायचा. म्हणून तर पाळकांनी ठरवलं होतं, हा वर्ग आता मिस्त्रीकडेच द्यायचा.

पाळक उठले. "आजपासून मिस्त्री तुमचे शिक्षक. फक्त आपल्याकडे एक रीत आहे. जो दुसऱ्यांना शिकवणार, त्याच्याबद्दल त्याच्या घरच्यांनी बोलायचं. घरच्यांनी हो म्हटलं, तरच पुढे. या, ताई."

मिस्त्रीने बायकोला सकाळीच पढवून ठेवलं होतं. "फक्त एवढंच म्हण, 'मी यांना माफ केलं.' बास. भाषण नको." ती गिऱ्हाइकाचा ब्लाउज शिवत होती. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून काही बोलली नाही. त्याला वाटलं, कबूल.

आता ती पुढे आली. मिस्त्रीने हसून तिला जागा करून दिली.

"माणूस सुधारलाय," ती म्हणाली. "देवाची कृपा. पण ती मारहाण माझी आहे. अंग माझं होतं. दर बॅचला ती सगळ्यांना सांगू का, असं मला कुणी विचारलं नाही. भाजी घ्यायला गेले की अनोळखी बाया माझ्या कानाकडे बघतात."

"अगं, साक्ष आहे ती," मिस्त्री हसतच म्हणाला. "देवाच्या गौरवासाठी."

"देवाचा गौरव होतोय की तुमचा, ते एकदा देवालाच विचारा."

कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं. मिस्त्रीचं हसू गेलं.

"बस झालं. खाली बस," तो हळूच म्हणाला. "वर्ग जाईल हातातला."

"जाऊ दे."

नव्या बॅचमधली एक नर्स चुळबुळत उठली. "पण काकू, तुम्ही तर यांना माफ केलंत ना?"

"कधी?"

"म्हणजे... हे म्हणाले तसं."

"हेच म्हणतात. पोरी, यांनी देवाकडे माफी मागितली. पाळकांकडे मागितली. तुमच्याकडे तर दर बॅचला मागतात. माझ्याकडे आजवर मागितलेली नाही. गिऱ्हाईक मापाला आलंच नाही, आणि गावभर सांगतंय कपडा छान बसला!"

या वेळी कुणी हसलं नाही.

मिस्त्री आठवत होता. नक्की कधीतरी मागितली असेल, असं त्याला वाटत होतं. दारू सुटली तेव्हा. पोरीच्या लग्नात. पण आठवायला गेला तर प्रत्येक वेळी हातात माइक होता.

"मिस्त्री," पाळक हळू आवाजात म्हणाले, "मग मागा की. आत्ता मागा."

मिस्त्रीचे डोळे भरून आले. खरं पाणी होतं, पेल्यातलं नाही. तो लोकांच्या दिशेने दोन पावलं पुढे सरकला आणि धाडकन गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात वर केले. आवाज फुटला.

"माफ कर! मी पापी आहे! प्रभू, मला माफ कर!"

हॉलचा अडकलेला श्वास सुटला. कुणी हालेलुया म्हणालं, कुणी डोळे पुसले. नर्सही हुंदके देत होती.

बायको त्याच्या पाठीमागे उभी होती.

ती पाळकांकडे वळली.

"बघितलंत?"