मुद्दे वाढव

"आई, दहापैकी चारच का दिलेस?"

रेवाने पुढे केलेला कागद सुलक्षणाने मान वर न करताच घेतला. रविवारची सकाळ होती आणि सातवीच्या इतिहासाच्या पेपरांचा गठ्ठा अजून अर्धा तपासायचा होता. शाळेची नोकरी सांभाळून पीएच.डी. आणि सतारीची विशारद परीक्षा, सगळं याच वर्षी उरकायचा तिने चंग बांधला होता. दमले म्हणायलाही तिला सवड नव्हती.

कागदावरचं अक्षर मात्र सातवीतलं नव्हतं. ते तिसरीतल्या तिच्या लेकीचं, रेवाचंच होतं. 'आई, तू खूप दमतेस. उद्या रविवार आहे. उद्या तू झोप.' खाली लाल शाईत चार गुण, सुलक्षणाची सही आणि शेरा : मुद्दे वाढव.

"हा कुठे होता गं?"

"काल मीच गठ्ठ्यात ठेवला होता. तू गठ्ठ्यातलंच वाचतेस ना, म्हणून."

सुलक्षणाचे कान तापले. लेकीचं पत्र तिने तपासून हातावेगळं केलं होतं आणि त्यातलं अक्षरही तिला आठवत नव्हतं. रेवा रागावली असती तरी बरं झालं असतं. पण रेवाने पाठीमागे धरलेला दुसरा कागद पुढे केला.

"मी मुद्दे वाढवलेत. आता बघ."

एकूण आठ मुद्दे होते, प्रत्येकाला आकडा घातलेला, बाजूला समास आखलेला. सुलक्षणा पहिल्या मुद्द्यावरून दुसऱ्यावर आली आणि थबकली. तिच्या हाताने लाल पेनाचं टोपण केव्हाच काढलं होतं.