स्वयंपाकघरातली पाहुणी

गोपिकाबाईंनी पुरणपोळ्यांची परात उचलली. स्वयंपाकघरात पाटावर एल्झा नावाची जर्मन बाई बसली होती. पश्चिम जर्मनीहून ती एवढ्या लांब, प्रतापनगरातल्या या घरी, फक्त आजच्या दुपारसाठी आली होती.

बाहेरच्या खोलीत तिचा सख्खा भाऊ वाल्टर जेवत होता. तो पूर्व जर्मनीचा, सावनेरकडच्या कोळसा खाणीत यंत्रं बसवायला आलेला. एका देशाचे दोन तुकडे झाले, मधे काटेरी तारा आल्या, तारांपाशी बंदुकवाले उभे राहिले. तेव्हापासून बहीणभावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

वाल्टरच्या शेजारी क्राउझे जेवत होता. तो त्याच्या सरकारचा माणूस. वाल्टर जाईल तिथे हा जायचाच. बहिणीला भेटल्याचं याने वर कळवलं, की वाल्टरला परत बोलावणं येणार आणि तिकडे बायको-पोरांचे हाल होणार. खाणीच्या ऑफिसात काम करणाऱ्या मनोहररावांनी सकाळी बायकोला बजावलं होतं, "वाल्टर हात धुवाले मागं गेला का, त्या दुसऱ्याले ताटावरून उठू देऊ नको. बाकी मी पाह्यतो."

"मंग बाकी राह्यलं काय?" गोपिकाबाई म्हणाल्या होत्या.

वाल्टर उठला, हात दाखवून आत गेला. स्वयंपाकघराचं दार त्याच्यामागे लागलं.

क्राउझेने तिकडे मान वळवली. तेवढ्यात गोपिकाबाईंनी त्याच्या ताटात गरम पोळी वाढली, वर तुपाची धार.

"घ्या जी. लाजून काहून राहिले?"

त्याने ती संपवली. दुसरीही कशीबशी संपवली. तिसरीला मात्र ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "बस. पेट भर गया," तो खाणीत शिकलेल्या हिंदीत म्हणाला. मनोहरराव घाईघाईने संत्र्याच्या बागांचं सांगू लागले. क्राउझेने हसून मान डोलावली, आणि तो उठून उभा राहिला.

त्याच वेळी आतून हुंदका ऐकू आला. तोंडावर हात दाबून धरलेला, तरी निसटलेला. मग बाईचा आवाज, एकच शब्द पुन्हा पुन्हा. गोपिकाबाईंना तो कळला नाही. क्राउझेला कळला. त्याचीच भाषा होती ती.

मनोहररावांचं बोलणं तुटलं. गोपिकाबाई परात घेऊन दारात आडव्या उभ्या राहिल्या. जागच्या हलल्या नाहीत.

"मेरी बहन है," त्या म्हणाल्या. "बहोत दिन के बाद आई. रो रही है."

क्राउझे त्यांच्याकडे बघत राहिला. एकदा बंद दाराकडे, पुन्हा त्यांच्याकडे. मग तो खाली बसला. पाट थोडा फिरवून घेतला, दाराकडे पाठ होईल असा. ताट पुढे सरकवलं.

"एक और," तो म्हणाला.

गोपिकाबाईंनी पोळी वाढली. त्याने तिचा अगदी नखाएवढा तुकडा मोडला आणि सावकाश चावत तो मनोहररावांना म्हणाला, "हां, संतरा. बोलो, बोलो."