कानाला लागलेला उशीर

तन्मयरावांच्या कानात ऐकू येण्यासाठी ऐन तिशीत बसवलेली चिप सत्तरीतही ठणठणीत होती, पण तिला कळणारे, कानामागे लावायचे माइक बाजारातून केव्हाच गेले होते. नव्या माइकमधलं बोलणं तिला उलगडून सांगायला एक जुना लॅपटॉप होता. तो झोळीत घालून ते सगळीकडे हिंडायचे. लॅपटॉपला मात्र जरा वेळ लागायचा. केतकीबाई बोलून झालं की आमटी ढवळून घ्यायच्या, तेवढ्यात नवऱ्याचं उत्तर यायचं.

आज मिरजेच्या श्रवणयंत्रांच्या दुकानातल्या रुबिनाने तेच काम करणारा नखाएवढा तुकडा माइकमध्ये बसवला. “काकू, बोला बघू काहीतरी.”

“अहो, धाकटीचा फोन आला होता. ती म्हणत होती…”

“आम्ही पुण्याला येणार नाही म्हणून सांग!”

“अहो, तीच इकडे…”

“म्हणजे पुन्हा रजा काढणार! नोकरी टिकायची कशी?”

“काय फास्ट झालात काका!” रुबिना खूश झाली.

केतकीबाई हसल्या नाहीत. इतकी वर्षं घरात भांडण का झालं नाही, ते त्यांना आत्ता उमगलं. तन्मयराव दाराशी चपला घालत होते. केतकीबाई रुबिनाच्या कानाशी वाकल्या.

“बाई गं, यात पहिल्यासारखा थोडा उशीर घालता येईल का? निदान माझं वाक्य…”

“संपेपर्यंत,” दारातून तन्मयराव म्हणाले, आणि ओशाळले.

मग परत आत येऊन त्यांनी टेबलावरच सोडलेली लॅपटॉपची झोळी खांद्याला अडकवली.