फोर-व्हीलचा दिवा

मावशींनी फोर-व्हीलचं लिव्हर चौथ्यांदा ओढलं. समोरचा हिरवा दिवा काही लागला नाही.

वर टेकडीवरच्या घरात सून सकाळपासून कळा देत होती. बाळ आडवं आहे, दवाखान्यात न्यायलाच हवं, असं सुईणीनं फोनवर सांगितलं होतं. तीन दिवसांच्या पावसानं चढणीचा नुसता राडा झाला होता. अ‍ॅम्ब्युलन्सवाला खालूनच बघून परत फिरला होता. पोहोचली तर मावशींची ही पिकअपच पोहोचणार, आणि तीही चारही चाकांनी ओढलं तर.

"दिव्याशिवाय मी गाडी वर घालणार नाही," त्यांनी गॅरेजमधून बोलावलेल्या मिस्त्रीला बजावलं. "अर्ध्यातून मागे घसरली तर सरळ दरीत. मग सुनेला कोण आणणार, तू खांद्यावरून?"

बारा वर्षांपूर्वी नवऱ्यानं गाडी शिकवताना एवढंच सांगितलं होतं, की दिवा लागला म्हणजे चारही चाकं ओढतात, मग घाबरायचं नाही. नवरा गेला, पण मावशी एकाही पावसाळ्यात घाबरल्या नाहीत. आज मात्र त्या घाबरल्या होत्या, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून जीभ जरा जास्तच चालत होती.

मिस्त्रीनं फ्यूज बदलला. दिवा नाही. बल्ब काढून दुसरा लावला. तरी नाही. गाडी पुढे घेऊन झाली, मागे घेऊन झाली, न्यूट्रल करून पुन्हा ओढून झालं. फोन वाजला. मुलगा "आई, लवकर" एवढंच बोलला, आणि त्याच्यामागून सुनेचं ओरडणं ऐकू आलं. फोन बंद झाला तरी मावशींनी तो कानावरून काढला नाही.

मिस्त्री सरपटत गाडीखाली शिरला. बराच वेळ त्याची काहीच हालचाल नाही.

"झोपलास का रे मुडद्या?"

"मावशी," खालून आवाज आला, "पावसात हा चढ किती वेळा चढलात?"

"तुझ्या डोक्यावरचे जेवढे केस गेलेत, तेवढ्या वेळा."

"कधी घसरली?"

"माझ्या हातात? नाव काढू नकोस."

मग उंदरानं कुरतडलेली एक वायर सापडली. मिस्त्रीनं ती जोडून वर टेप गुंडाळली. मावशींनी लिव्हर ओढलं आणि दिवा लागला.

मिस्त्रीनं भराभर रस्त्याकडेचे दगड मागच्या हौद्यात टाकले आणि स्वतःही वर चढून बसला. फोर-व्हीलला ओझं कशाला लागतंय, अक्कल गहाण टाकलीस का, असं मावशींनी विचारलं. असू द्या वजन, मागची चाकं धरून राहतील, एवढंच तो म्हणाला.

गाडी चढली. दोनदा तिचा मागचा भाग दरीकडे सरकला. दोन्ही वेळा मावशींनी आधी दिव्याकडे पाहिलं, मग दात आवळून स्टिअरिंग फिरवलं. थांबल्या त्या थेट सुनेच्या दारात.

संध्याकाळी दवाखान्यात नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मावशी पायरीवर बसल्या. पदरानं डोळे पुसून मग मिस्त्रीवर गुरकावल्या, की टेप नीट गुंडाळली असशील तर बरं, पुढची चाकं पुन्हा बंद पडली तर गाठ माझ्याशी आहे.

"ती वायर फक्त दिव्याची होती, मावशी," मिस्त्री म्हणाला. "पुढच्या चाकांना फिरवणारा शाफ्टच गाडीखाली नाही. कुणीतरी काढलाय, आणि त्या जागेवरचा गंज दहा-बारा वर्षांचा तरी आहे."