खारकेसारखी बोटं

“भांडी घासतेस? सारखे साबणाने हात धुतेस? पाणी कमी पितेस?” डॉक्टरकाकूंनी विचारलं.

कृत्तिकाने सगळ्याला नाही म्हटलं. तरी तिच्या बोटांची टोकं पार खारकेसारखी सुरकुतली होती!

“मग स्पर्शमोजा घालतेस?”

“हो,” ती लाजून हसली. बाबा चंद्रावरच्या तळावर कामाला गेल्यापासून ती रोज मोजा घालूनच अभ्यासाला बसायची. तिकडे बाबांनी त्यांच्या मोज्यात हात दाबला की इकडे तिला तो दाब जाणवायचा. ती कंटाळली की बाबा तीनदा दाबायचे. बरोब्बर तेव्हाच!

“तो मोजा कातडीतला ओलावा शोषतो गं. बाबांचीही बोटं अशीच झाली असणार बघ.”

हे ऐकून कृत्तिका इतकी खूश झाली, की तिने मलम लावलंच नाही. बाबा आले की बोटाला बोट लावून बघायचं होतं ना!

बाबा आले. अवकाशतळाच्या फाटकातच तिने त्यांचा हात ओढून उलटा केला. टोकं लोण्यासारखी मऊ होती.

“अगं, तिथे वेळ कुठला? पहिला आठवडाभर घातला, मग तुझा मोजाच शिकला सगळं, आपणहून दाबायला लागला. तुला कळलंसुद्धा नाही ना? काय हुशार यंत्र आहे!”

“नाही कळलं,” ती म्हणाली.

रस्ता ओलांडताना बाबांनी तिचं मनगट घट्ट धरलं. पलीकडे पोचल्यावर तिने ते हळूच सोडवून घेतलं, दप्तरातून मोजा काढला आणि घातला.

मोज्याने तिचा हात तीनदा दाबला. अगदी बाबांसारखा.