बिनफोडणीचं वरण

यंत्राने रत्नप्रभाच्या रक्ताचा थेंब ओढून घेतला. पडद्यावर आधी जंतूचं नाव उमटलं आणि मग त्याचं कूळ.

"ही साधी कावीळ नाही," डॉक्टर नाईकनवरे म्हणाल्या. "सिफिलिस या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या रोगामुळे यकृताला सूज आली आहे. तळहातावरचे हे डागही त्याचेच. पेनिसिलिनने यकृत पूर्ववत होईल."

"पण हा माझ्याकडे आला कुठून?"

"जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाताना थोडा बदलतो, तो आधीच्या रुग्णांच्या नोंदींशी ताडून यंत्राला माग लागतो. नाव सांगायला कायद्याने बंदी आहे. ज्या व्यक्तीकडून तो आला, ती होळीआधीच हे इंजेक्शन घेऊन बरी झाली आहे, एवढंच सांगता येतं."

रत्नप्रभाच्या आयुष्यात नवऱ्याशिवाय, भूपालशिवाय, दुसरा पुरुष नव्हता.

चैत्रात तिचे डोळे पिवळे झाले, तेव्हा भूपालनेच तिला काविळीचं झाडपाल्याचं औषध आणून दिलं होतं. पथ्यही त्यानेच सांभाळलं. तेल, तिखट, हळद बंद आणि रोज उसाचा रस. तिला एकटीला वाईट वाटू नये म्हणून तोही बिनफोडणीचं वरण जेवत होता. शेजारणी त्याचं कौतुक करत होत्या. आज दवाखान्यात यायचा हट्ट तिचाच होता.

इंजेक्शन घेऊन ती बाहेर आली. भूपालने थर्मासमधला रस पेल्यात ओतला.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"तुम्ही होळीआधी घेतलंत, तेच इंजेक्शन दिलं."

पेला त्याच्या हातातच राहिला.

"रस तुम्ही प्या," ती म्हणाली. "मी आज वरणाला फोडणी देणार आहे. माझ्या एकटीच्या."