अर्पणपत्रिका

"एकदा टोपी काढायची आणि दोनदा 'आपण' म्हणायचं. तेवढ्याने तुमची जीभ झडणार आहे का, पेल?" लॉर्ड टेव्हिलचा कारभारी ग्रिब वैतागून म्हणाला.

सिल्व्हेनस पेलने टोपी डोक्यावरच राहू दिली. तो कवी होता. नदीकाठची कुरणं, मेंढरं, गवतकापणी यांवर लिहायचा. पण कवी असण्याआधी तो क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा होता. देवाला 'तू' म्हणायचं तर लॉर्डाला का नाही, असा या मंडळींचा साधा सवाल. टोपी काढायची ती प्रार्थनेत, देवापुढे. शपथ तर कधीच घ्यायची नाही, कारण खऱ्या माणसाला ती कशाला लागते?

यापायीच त्याचा धाकटा भाऊ एनॉक तीन आठवडे तुरुंगात होता. चोरीच्या खटल्यात साक्षीला उभा राहिला आणि बायबलवर शपथ घेईना. न्यायाच्या खुर्चीवर टेव्हिल होता. त्यानेच आत टाकलं, सोडणारही तोच. आता कोठडीत ताप शिरला होता. काल दोन प्रेतं बाहेर काढली.

"साहेबांना तुमच्या कविता आवडतात," ग्रिब हळू आवाजात म्हणाला. "पुस्तक छापताय ना? पहिल्या पानावर चार ओळी त्यांच्या नावाने घाला. मोठ्या माणसाला दुसरं काय हवं असतं?"

"तू म्हणतोस ते बरोबर असेल," सिल्व्हेनस म्हणाला आणि घरी गेला.

"आपली माणसं तुला वाळीत टाकतील," त्याचा बेत ऐकून त्याची बायको डोर्कस म्हणाली.

"टाकू देत."

"एनॉकला कळलं तर तो तुझं तोंड बघणार नाही."

"न बघायला तरी जिवंत राहील."

डोर्कसने डोळे पुसले आणि शाईची दौत आणून त्याच्यापुढे ठेवली.

एरवी कविता त्याला झरझर सुचे. या चार ओळींनी दुपार खाल्ली. 'कृपासागर' लिहिताना त्याला स्वतःची किळस आली, तरी त्याने ते खोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेव्हिल दुखरा पाय स्टुलावर ठेवून शेकोटीपाशी बसला होता. सिल्व्हेनसला पाहताच तो खुलला.

"आलास? दहा वर्षं हा मला अरेतुरे करतोय, ग्रिब, आणि अजून मी याला हाकललं नाही! बोल, आज काय म्हणतोस?"

सिल्व्हेनसने टोपी काढली. मान लवली.

"महाराज, आपण... आपल्या चरणी..." त्याने कागद पुढे केला.

टेव्हिलने तो वाचला. पुन्हा वाचला. चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"हे तुझ्या मनातलं आहे?"

"होय, महाराज."

"कालच मी बाकीच्या न्यायाधीशांशी भांडलो," टेव्हिल सावकाश म्हणाला. "म्हटलं, हा हट्ट नाही. या लोकांना खरंच वाकता येत नाही, दहा वर्षं मी एकाला बघतोय. तसल्या माणसाला कोंडून काय मिळणार?"

त्याने बाजूच्या मेजावरून एक मोहोरबंद कागद उचलला. तो एनॉकच्या सुटकेचा हुकूम होता. तो त्याने विस्तवात टाकला.

"तुला वाकायला तीन आठवडे लागले. त्याला आणखी थोडे लागतील."